माकडाचं सुतक

सात रस्त्याच्या सिग्नलला वैजयंती स्कूटर थांबवून उभी होती. शेजारच्या गाडीवरचा माणूस जरा वाकला, तिच्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाला, “हूप.” पोरगं नव्हतं ते. चांगला चाळिशी ओलांडलेला बाप्या, कपाळाला अष्टगंधाचा टिळा, पायाशी भाजीची पिशवी आणि पिशवीतनं डोकावणारी मेथीची जुडी. हूप करून तो हसलासुद्धा नाही. दिवा हिरवा झाला तसा, मेथी निवडायला उशीर होईल अशा घाईनं, रंगभवनच्या अंगाला निघून गेला. मागं हॉर्नचा कालवा उठला. एक रिक्षावाला ओरडला, “ओ मॅडम, हितंच मुक्काम हाय का?” तिनं गाडी पुढं काढली. राग तिला नेहमी उशिरा यायचा. आधी कानाच्या पाळ्या तापायच्या, आणि माणूस नजरेआड झाल्यावर तोंडात शब्द यायचे, एकाहून एक धारदार आणि सगळे वाया जाणारे. घरापर्यंत ती त्या मेथीवाल्याशी भांडत आली. अरे, हूप करायला तरी नीट शिक. वानर तो आवाज छातीतनं काढतं, भात्यासारखं पोट हलतं त्याचं. तू नुसता ओठांनी केलास. तुझ्यापेक्षा ते बरं, ते कुणाला तरी बजावायला ओरडतं, तू एकट्या बाईला गाठून ओरडलास आणि पळालास.

कशासाठी हूप, हे घरी गेल्यावर कळलं. नवऱ्यानं, शिवराजनं, पुण्याहून तिचाच, वर्गात कुणीतरी चोरून घेतलेला व्हिडिओ तिला पाठवला होता आणि खाली विचारलं होतं, हे काय आहे? व्हिडिओत ती फळ्यापुढं उभी होती, साडीचा पदर कमरेला खोचलेला, बोटांना खडू. “माकड म्हणजे आपली भावकी,” एवढं म्हणून ती खदाखदा हसत होती. एवढंच. पुढचं मागचं सगळं कापलेलं. कुणीतरी वर भगव्या अक्षरात लिहिलं होतं की, सोलापूरच्या शाळेत तुमच्या मुलांना हे शिकवतात. आपलं हसणं बाहेरून कसं दिसतं ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं. दात दिसत होते. निर्लज्ज वाटत होती बाई. आणि खरी गोष्ट ही की, गेल्या कित्येक वर्षांत वर्गात इतकं मनापासून ती हसलीच नव्हती.

दहावी ब ला उत्क्रांतीचा धडा होता. दरवर्षी तो धडा असाच जायचा, पाण्यावरून तेल गेल्यासारखा. पोरं व्याख्या लिहून घ्यायची, आकृतीखाली नावं द्यायची, घरी जाऊन जेवायची. या वेळी ऋतुजा नावाची मुलगी उठली. पहिल्या बाकावरची, वेणीला लाल रिबीन, शंका विचारताना एका पायावर उभी राहणारी. म्हणाली, “मॅडम, मग आपण माकडापासून झालो हे खरंच खरं?” वैजयंती म्हणाली, “माकडापासून नाही गं. तुझी चुलत बहीण तुझ्यापासून झाली का? तुमच्या दोघींची पणजी एक. तसं आपलं आणि माकडाचं. फार फार मागं जायचं, मोजता मोजता दमशील इतकं मागं, तिथं एक पणजी सापडते. एक शाखा झाडावर राहिली, एक खाली उतरली. माकड म्हणजे आपली भावकी. लांबची, पण भावकी.” आणि मागच्या बाकावरनं आवाज आला, “मग बांध कोरत असतील की मॅडम.” सगळा वर्ग फुटला. तीही फुटली. “कोरतातच की,” ती म्हणाली, “केळीच्या बागा बघा जाऊन.” ज्यांच्या घरी चुलत्याशी बांधावरून कोर्टकज्जे चालले होते ती पोरं डोळे पुसत हसत होती, आणि तिला छातीत आत कुठंतरी जाणवलं होतं की उतरलं. धडा पुस्तकातनं निघून त्यांच्या अंगणात जाऊन बसला. आता ही विसरणार नाहीत. ज्या तासाला ती खरी शिक्षिका झाली, बरोब्बर त्याच तासाचा गुन्हा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. विरेश सर खुर्चीत होते आणि समोर पालक संघाचा माणूस बसला होता. तिनं त्याला ओळखलं. मेथी नव्हती, पण टिळा तोच. “हे अभिमन्यूजी,” सर म्हणाले, “ऋतुजाचे वडील.” अभिमन्यूनं उठून हात जोडले. हूपचा मागमूस नाही चेहऱ्यावर. माणसं किती सहज दुसरं तोंड लावतात. “मॅडम, गैरसमज नको,” तो म्हणाला. “आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. माझं स्वतःचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.” वैजयंतीला वाटलं आता हसू येईल, पण आलं नाही. “पुस्तकात काय असायचं ते असू द्या,” तो पुढं म्हणाला. “पेपरात पोरं लिहू द्या. मार्क पडले पाहिजेत, आमची ना नाही. पण तुम्ही ते भावकीपर्यंत आणलं. माझी पोरगी घरी येऊन माझ्या आईला सांगते, आज्जे, माकड आपल्या भावकीत हाय. माझी आई जेवली नाही मॅडम त्या दिवशी. देवानं घडवलेला माणूस आहे आमचा. तुमची भावकी असतील माकडं. आमच्या कुळाला पत्ता आहे.”

पेपरात लिहा, पण मनात धरू नका. तिला ते वाक्य कानात शिसं ओतल्यागत वाटलं. म्हणजे दहा वर्षं मी काय करत होते? पोरांना खोटं बोलायला शिकवत होते? मार्कांपुरतं खरं आणि घरापुरतं निराळं, असे दोन खिसे शिवून देत होते प्रत्येकाला? तिनं विरेश सरांकडे पाहिलं. सर प्राणिशास्त्रातले एम.एस्सी. ऐन उमेदीत बेडूक चिरून दाखवावा तर त्यांनीच, असं जुने शिक्षक सांगायचे. आता त्यांच्या बोटात पोवळं होतं आणि ते बोट टेबलावर टिकटिक वाजत होतं. अभिमन्यू गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. “मॅडम, सुम्मने, उगीच वाद कशाला वाढवायचा? उद्या शनिवार. प्रार्थनेला पालक येतील थोडे. माईकवर एक वाक्य म्हणायचं. माझ्या बोलण्यानं भावना दुखावल्या, माफी असावी. खलास. मला काय माहीत नाही का खरं काय ते? पण माहीत असणं निराळं, बोलणं निराळं.” ती म्हणाली, “सर, तुम्हीच शिकवलं असतं तर काय शिकवलं असतं?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुमची तुकडी विनाअनुदानित आहे. जूनला नवी ऑर्डर निघायची असते. संस्थेतून फोन आला होता. मी आपलं तुमच्या भल्याचं सांगतो.” हे भल्याचं सांगणारे लोक. दगड मारणारा परवडला, तो निदान तोंडासमोर असतो. हे लोक हळद लावून सुरी देतात हातात, आणि आपल्याच हातानं आपली जीभ कापून दे म्हणतात, वर म्हणतात बघा, किती कमी रक्त आलं.

शिवराज फोनवर म्हणाला, “सॉरी म्हण आणि मोकळी हो. जीभ झिजती का?” झिजते. तिला सांगायचं होतं, झिजते रे. एकदा म्हटलं की पुढच्या वर्षी तो धडा आला की जीभ आपोआप दुमडते. मग एक दिवस बोटात पोवळं येतं.

घरी त्या संध्याकाळी पाण्याची पाळी होती. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो, तेवढ्यात सगळ्या टाक्या, बादल्या, पातेली भरून घ्यायची. हे काम तिच्या वडिलांनी, आण्णांनी, आपल्याकडे घेतलं होतं. आई गेल्यावर गावचं, केमचं घर बंद करून ते लेकीकडे आले, त्याला दोन वर्षं झाली. केमला केळीची बाग सांभाळणारा माणूस इथं दुसऱ्या मजल्यावर पाइप सांभाळत होता. टोपी घातल्याशिवाय ते पाणीसुद्धा भरत नसत. आज त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एक पिंप भरलं, पाइप दुसऱ्यात टाकला, मग म्हणाले, “देवळाम्होरं बसलो व्हतो. मंडळी म्हनत्यात, बिभीषणराव, तुमची लेक वाडवडलांना शेपूट लावती म्हनं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हनलो इच्यारतो. इच्यारतोय. म्हनलीस व्हय तसं?”

“म्हणाले.”

“मला माकडाचा म्हनलीस.”

“तुम्हाला नाही आण्णा. सगळ्यांना.”

“मंजी मी आलोच की त्यात.”

तिला त्यांच्या टोपीकडे बघता बघता ती टोपी नसलेलं डोकं आठवलं. पांढरं, उन्हात कधी न गेलेलं, निळ्या शिरांचं. ती आठ वर्षांची होती. केमच्या मारुतीजवळ विजेची डीपी होती आणि तिथं एका वानराची उडी चुकली. ठिणग्या उडाल्या, सगळ्या गावाची लाइट गेली आणि ते खाली पडलं. कुणीतरी ओरडलं, मारुतीराया गेले. मग गावात चूल पेटली नाही. देवळामागं बायकांनी पाणी आणून दिलं आणि आईनं त्याला आंघोळ घातली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधली, त्यात त्याला बसवलं, गळ्यापर्यंत भगवी शाल, कपाळाला गुलाल, पुढं भजन. ट्रॉली निघायच्या आधी गर्दीतून घुसून ती अगदी जवळ गेली होती. शालीच्या खालनं एक हात बाहेर लोंबत होता. तिनं तो धरला. काळा, गार, आतून मऊ. तळव्याला रेघा होत्या. आयुष्याची, भाग्याची, मनगटापाशी दोन आडव्या, सगळ्या. आणि बोटांना नखं होती, नख्या नव्हेत, नखं, चपटी, तिच्यासारखी, एकाच्या कडेला माती अडकलेली. तिनं आपला तळवा त्याच्याशेजारी धरून पाहिला होता. मग कुणीतरी तिला मागं ओढलं. पुढं कॉलेजात, प्रयोगशाळेत, बीएडला, कुठंही तिला कुणी विचारलं की जीवशास्त्र का घेतलं, तर ती आवड होती म्हणून सांगायची. हात धरला होता म्हणून, असं कसं सांगायचं?

दहाव्याला नदीवर अर्ध्या गावानं डोकी भादरली. आण्णांनीही. तेराव्याला वर्गणी काढून गावजेवण झालं.

“आण्णा,” ती म्हणाली, “केमला ते डीपीवर मेलं तेव्हा तुम्ही मुंडण केलं होतं.”

“ते येगळं.”

“काय वेगळं?”

“ते मारुती व्हतं. देव म्हनून केलं. तुजं माकाड मंजी माकाड.”

“देवाचं सुतक असतं का आण्णा? दहा दिवस तुम्ही देव्हाऱ्यात दिवा लावला नाहीत. आईला लावू दिला नाहीत. देव गेला म्हणून देवालाच दिवा लावायचा नाही, हे कुठल्या शास्त्रात आहे? दिवा कधी बंद असतो? आजोबा गेले तेव्हा बंद होता. थोरले चुलते गेले तेव्हा होता. गल्लीतला मारवाडी गेला तेव्हा धरलं होतं का सुतक? नाही. का नाही? आपल्या रक्ताचा नव्हता म्हणून. सुतक भावकीचंच असतं. मी नाही केली माकडाला भावकी. तुम्ही केलीत, सगळ्या गावानं केलीत, डोकं भादरून केलीत, आणि आता मी नुसता शब्द उच्चारला तर माझ्या कानात हूप करतात.”

आवाज चढला होता तिचा. पिंप भरून वाहायला लागलं होतं. आण्णांनी पाइप काढून बादलीत टाकला आणि पायाशी साचलेलं पाणी पायानंच मोरीकडे लोटलं. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तिला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला पेचात पकडणं काही अवघड नसतं. ज्यांना पकडायला हवं ते टिळा लावून हात जोडतात.

सकाळी ती चपला घालत होती. पांढरी साडी नेसली होती, शनिवारचा गणवेश शिक्षकांनाही असायचा. ते वाक्य तिनं पाठ केलं नव्हतं आणि न म्हणायचंही ठरवलं नव्हतं. जून महिना डोळ्यांपुढं होता. आण्णा दारात येऊन उभे राहिले. “ते नर नव्हतं,” ते म्हणाले.

“काय?”

“केमचं. मादी व्हती. तुज्या आईनं न्हाऊ घातली, तिला दिसलं. मला बाजूला घिऊन म्हनली, अवो, हे बाईमानूस हाय. आंगाला दूद हाय तिच्या. मी म्हनलो, गप बस, ट्रॉली निघाली.” त्यांनी टोपी सारखी केली. “तर तिनं ट्रंकंतला खण काढला आन शालीच्या आत तिची वटी भरली. कुणाला दिसलं न्हाय. म्हनली, लेकीला मोकळी कशी धाडू.” आणि मग, आपण काही फार बोललो नाही अशा स्वरात, “सांगायचंच आसंल तर तेवडं बी सांग.”

शाळेपर्यंतचा रस्ता तिला आठवत नाही. सात रस्त्याला सिग्नल लागला असणार, ती थांबली असणार. सगळं गाव मारुतीराया म्हणून ओरडत होतं. ब्रह्मचारी मारुती. आणि शालीच्या आत एक ओली बाळंतीण बसली होती, ओटीत खण घेऊन, आणि हे फक्त आईनं पाहिलं होतं, आणि तिनं सांगितलं म्हणून आण्णांना ठाऊक होतं. भजन करणाऱ्या पुरुषांनी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. देव म्हटलं की पाहावं लागत नाही. पाया पडलं की भागतं. आईनं पाहिलं. पाहिलं म्हणून तिला नातं कळलं, आणि कळलं तर तिला काय मिळालं? गप बस, ट्रॉली निघाली. हीच ट्रॉली अजून चाललीय, वैजयंतीला वाटलं. विरेश सर तीच हाकतात. शिवराज तिच्यातच बसलाय. आणि मधे कुणी बाई काही पाहिलेलं सांगायला लागली की सगळे मिळून म्हणतात, आता नको, आता निघालीय.

प्रार्थना झाली. सुविचार झाला. अंगणात पोरांच्या रांगा, कडेला वीसेक पालक, पायऱ्यांजवळ अभिमन्यू. विरेश सरांनी माईक तिच्या हातात दिला आणि पोवळ्याच्या बोटानं एक दाखवलं. एक वाक्य.

“बुधवारी मी दहावी ब ला सांगितलं की माकड आपल्या भावकीत आहे,” ती म्हणाली. तिचाच आवाज कंपाउंडवर आपटून परत आला. “काहींना ते लागलं. म्हणून आज मी माझ्या गावची गोष्ट सांगते.” आणि तिनं सांगितली. डीपी, ट्रॉली, शाल. वडिलांचं भादरलेलं डोकं. मुलं आधी चुळबुळत होती, मग थांबली. “दहा दिवस आमच्या घरी सुतक होतं,” ती म्हणाली. “सुतक कुणाचं धरतात?” मग सातवीच्या रांगेतून बारीक आवाज आला, “भावकीचं.” मागं दोनचार पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. एका टोपीवाल्या माणसानं मान हलवली, नकळत, गावाकडची गोष्ट निघाली की हलते तशी. “ते मारुती म्हणून नेलं,” ती म्हणाली, “पण ते नर नव्हतं. मादी होती. अंगावर पिणारं लेकरू असलेली. माझ्या आईनं शालीच्या आत तिची ओटी भरली. घरातून जाताना ओटी कुणाची भरतात?” मुली एकदम म्हणाल्या, “लेकीची.”

खरखर झाली आणि माईक गेला. विरेश सरांचा हात बटणावर होता. ते तिच्याकडे बघत नव्हते. वैजयंतीनं माईक खाली ठेवला. राग आज उशिरा आला नव्हता, वेळेवर आला होता आणि घशात नव्हता, पायांत होता, ती नीट उभी होती. बिनमाइकचं बोलायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दहावी ब च्या रांगेत ऋतुजा एका पायावर उभी राहिली.

“मॅडम, मग तिच्या पिल्लाचं काय झालं?”

वैजयंतीकडे सगळ्याची उत्तरं होती. गेल्या दोन दिवसांत तिनं मेथीवाल्याला, सरांना, नवऱ्याला, बापाला मनातल्या मनात सगळी उत्तरं दिली होती. याचं नव्हतं. तिनं आण्णांना विचारलं नव्हतं. दूध आहे अंगाला, हे ऐकून चपला घालून ती निघाली होती. पुढचा प्रश्न तिलाही सुचला नव्हता, जीवशास्त्रातल्या पदवीला सुचला नव्हता. डीपीशेजारच्या चिंचेत कुठंतरी ते असणार. खाली ताशा वाजत असणार.

“माहीत नाही,” ती मोठ्यानं म्हणाली. “कुणी बघायला गेलं नाही. आम्ही सगळे ट्रॉलीमागं होतो.”

विरेश सर तिच्याजवळ सरकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, “मॅडम, ते वाक्य. हात जोडतो. माफी तेवढी म्हणा.”

“माफी मागते,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “त्या पिल्लाची.”

आणि पायऱ्या उतरून ती दहावीच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली. विरेश सरांनी अभिमन्यूकडे पाहिलं. ही माफी धरायची का, असं विचारल्यासारखं. अभिमन्यूनं त्यांना काही खूण केली नाही. ऋतुजानं दुसरा पाय खाली टेकवला होता, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. ती आता मॅडमकडे बघत नव्हती. “पप्पा,” ती रांगेतूनच म्हणाली, भर अंगणात, “आपल्या गावाला पण वानर नेलं होतं ना तुम्ही, ट्रॉलीतून? तुमचा फोटो आहे की, टकलाचा. ते काय होतं, नर का मादी? तुम्ही बघितलं होतं का?”

अभिमन्यूचा हात डोक्याकडे गेला आणि केसांवरच राहिला.